ताकभात, विरजण आणि घरातला कुत्रा

मंडळी, आपल्या बडोद्याच्या जुन्या आठवणींत आत्तापर्यंत वाडे झाले, गणपती झाले, सुरसागरच्या काठावरचे कट्टे झाले. आज विषय जरा वेगळा आहे. घरातल्या कुत्र्याचा, आणि त्यातही त्याच्या पोटाचा. हसू नका. याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्या गावाच्या आसपासच घडलेला आहे.

निमित्त असं, की आपल्या वयाच्या लोकांच्या घरात आता कुत्रा असतो तो बहुधा मुलाने नाहीतर नातीने आणलेला. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला जातात. कुत्रा इथेच राहतो. आजी, आजोबा आणि कुत्रा अशी तिघांची घरं मी एकट्या रावपुऱ्यात चार-पाच तरी मोजली आहेत. त्यात आमचंही एक. अशा घरी कुत्र्याला जुलाब लागले किंवा त्याचे केस झडायला लागले की लगेच फोन येतो, "बाबा, त्याला प्रोबायोटिक सुरू करा." पुडी दुसऱ्या दिवशी घरपोच येते. सकाळी ज्युबिलीबागेत फिरताना वर्षभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : हे असतं तरी काय, आणि आपल्या ताकात ते नसतं का? मी कॉमर्सचा माणूस, सगळी नोकरी बँकेत झाली. पण आमच्याच घरी वेळ आली तेव्हा बरंच वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते क्रमाने मांडतो.

आधी आपली गल्ली. माझं लहानपण रावपुऱ्याच्या टॉवरमागे गेलं. हा टॉवर १८९६ साली चिमणाबाई राणीसाहेबांच्या स्मरणार्थ बांधला. आमच्या लहानपणी, म्हणजे पंचावन्न-साठच्या सुमारास, पट्टा बांधलेला कुत्रा फक्त बंगलेवाल्यांकडे असे. आमच्याकडे होते ते गल्लीचे कुत्रे. कोणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे. गल्लीत अर्धी घरं आम्हा दक्षिण्यांची, अर्धी गुजराती. शेजारच्या बा रोज गाईची आणि कुत्र्याची रोटली वेगळी काढून ठेवत. कुत्री व्याली की आम्ही पोरं ताट घेऊन घरोघर फिरायचो. कोणी पीठ घाली, कोणी गूळ, कोणी पळीभर तेल. तीन विटा मांडून तिच्यासाठी शिरा शिजवला जाई. पिलांना पाजणाऱ्या आईला जास्त आणि सकस खायला लागतं, हे शास्त्र त्या पोरांना कोणी शिकवलं नव्हतं. रीत म्हणून चालू होतं आणि बरोबर होतं.

मराठी घरांत कुत्र्याला हाड्‌ म्हणायला आणखी एक अडचण होती. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे. नारेश्वर-गरुडेश्वरच्या वाऱ्या करणारी घरं ही, दारातल्या कुत्र्याला काठी कशी मारणार? आणि खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर घोड्याच्या पायाशीही कुत्रा आहेच.

आमची आजी उन्हाळ्यात दुपारी उरलेला भात आणि लोणी काढल्यावरचं पातळ ताक मातीच्या परळात कालवून मागच्या दारी ठेवायची. मीठ घालायची नाही. "मुक्या जिवाचं पोट थंड राहतं, अंगावर चकाकीही येते," असं तिचं म्हणणं. म्हणजे पोट आणि केस, पुडीवरचे दोन्ही दावे आजीने आधीच करून ठेवलेले होते.

आता ते ताक कुठून आलं ते बघा. विरजण बिघडलं की शेजारून वाटी यायची, आमचं चांगलं असलं तर आमच्याकडून जायची. एकच विरजण वर्षानुवर्षं गल्लीत फिरत राहायचं. त्यात कोणते जंतू आहेत, किती आहेत, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि दही लागण्यासाठी माहीत असण्याची गरजही नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दह्यातल्या जंतूंना पहिल्यांदा नाव मिळालं ते परदेशात. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियाच्या तरुणाने जिनिव्हात शिकत असताना आपल्या गावाकडच्या दह्यातला जंतू शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉफ यांनी हा धागा उचलला. १९०७ च्या त्यांच्या पुस्तकात विचार मांडला तो असा : मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातल्या विषाने म्हातारपण लवकर येतं, आंबवलेलं दूध घेतलं तर ते कुजणं थांबवता येईल. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते या दह्यासाठी नव्हे, शरीराच्या प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. लोकांनी मात्र दोन्हींची सांगड घातली आणि युरोपात दह्याच्या गोळ्या खपू लागल्या. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी दाखवलं, की तो बल्गेरियन जंतू आतड्यात मुक्कामच करत नाही. जाहिरात पुढे आणि पुरावा मागे, हा प्रकार या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

तारखा जुळवून बघायची मला बँकेतली खोड. १९०७ साली प्रा. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी आपल्या बडोद्यात अलेंबिक सुरू केली. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मांडवीत बँक ऑफ बडोदा उघडली. पॅरिसच्या दह्याशी याचा काही संबंध नाही. पण अलेंबिकचा पुढे आला. साठच्या दशकात ती पेनिसिलिन बनवू लागली. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आलीच होती. पूर्वी ज्या तापाने माणूस जायचा त्याला इंजेक्शन मिळू लागलं. मोठी गोष्ट झाली. मात्र ही औषधं रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातले आपले नेहमीचे जंतूही मारतात आणि त्यातून जुलाब होतात. मग डॉक्टर अँटिबायोटिकबरोबर जंतूंची कॅप्सूलही लिहून देऊ लागले. आज कुत्र्यासाठी जी पुडी येते ती या कॅप्सूलचीच धाकटी बहीण.

आपल्या बाजूला दुधाचीही गंगा वाहत होती. १९४६ साली आणंदला अमूल उभी राहिली, १९४९ साली कुरियनसाहेब तिथे आले. १९६१ पासून आणंदला दुग्धशास्त्राचं महाविद्यालय आहे, १९६४ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बडोद्याहून गाडीने तासाभराचा रस्ता. या दुधाच्या राज्यात दह्याचे जंतू निवडून, सांभाळून, मोजून वापरायचं शास्त्र रुजलं. गल्लीतलं विरजण प्रयोगशाळेत गेलं असं म्हणा. २००७ साली अमूलने प्रोबायोटिक आइस्क्रीमही बाजारात आणलं. आमच्या नातीला चव आवडली, जंतूंशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आता 'प्रोबायोटिक' म्हणजे नेमकं काय? २००१ साली अर्जेंटिनात कोर्दोबा इथे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांची बैठक झाली. तिथे व्याख्या ठरली. तिचा सारांश असा : जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. तिन्ही अटी एकदम. आपल्याकडेही २०११ साली आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने माणसांच्या खाद्यपदार्थांसाठी याच धर्तीवर मार्गदर्शक नियम काढले. या कसोटीवर घरचं दही हे उत्तम अन्न ठरतं, पण प्रोबायोटिक ठरत नाही. कारण त्यात कोणता जंतू आणि किती, याचा हिशेब नाही. मी परत परत फिरणाऱ्या वाटीची आठवण ठेवायला सांगितली ती यासाठी.

पण हे सगळं माणसाचं. कुत्र्याचं काय?

आजीच्या भाताबद्दल आधी एक चांगली बातमी. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पदार्थ पचवायचा जो पाचक रस, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यापाशी, चुलीपाशी हजारो वर्षं राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला. नुसत्या भातावर त्याचं भागत नाही, प्रथिनं लागतातच. पण भात त्याला परका नाही. दुधाचं मात्र उलट आहे. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची त्याची ताकद कमी होते. दह्या-ताकात ती साखर थोडी कमी असते, म्हणून दूध न पचणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांना थोडं ताक चालतं. सगळ्यांना नाही.

जंतूंच्या बाबतीत एक महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालं आहे. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, आयव्हीआरआय. ही संस्था मूळची पुण्याची, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ती सुरू झाली. गुराढोरांच्या साथीच्या रोगांचे जंतू गजबजलेल्या शहरात हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. १९१३ पासून तिची शाखा बरेलीजवळ इज्जतनगरला आली.

या संस्थेत डॉ. ए. के. पटनायक आणि सहकाऱ्यांनी एक सरळ प्रश्न विचारला. बाजारातले बहुतेक जंतू दुधाच्या धंद्यातून आलेले. त्याऐवजी कुत्र्याच्याच आतड्यातला जंतू त्याला दिला तर? निरोगी कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांनी लॅक्टोबॅसिलस जॉन्सोनाय या जातीचा एक जंतू वेगळा केला आणि दुधाकडच्या ॲसिडोफिलस जंतूशी त्याची तुलना केली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुत्र्याच्या स्वतःच्या जंतूने तंतुमय अन्नाचं पचन सुधारलं आणि विष्ठेतला अमोनिया कमी झाला. दुधाचा जंतू त्यात मागे पडला. कुत्रे मोजकेच होते आणि सगळे निरोगी होते, त्यामुळे यावरून आजारी कुत्र्याबद्दल काही सांगता येत नाही. पण मुद्दा कळतो. जंतूलाही घर असतं. एकाच्या घरी रमलेला दुसऱ्याच्या घरी रमेलच असं नाही.

आजारी कुत्र्यांचं बोलायचं तर २०१० साली नॉर्वेत अचानक पोट बिघडलेल्या ३६ कुत्र्यांवर एक चाचणी झाली. जंतूंचं मिश्रण दिलेल्यांची शेवटची पातळ शी सरासरी १.३ दिवसांत झाली, न दिलेल्यांची २.२ दिवसांत. फरक खरा आहे, पण पूर्ण एका दिवसाचाही नाही. २०१९ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि पोटाच्या अचानक बिघाडात फायदा फारच मर्यादित दिसतो, असं लिहिलं. साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात, हेही ध्यानात घ्यायला हवं.

आणि केस? पोट सुधारलं की कातडी सुधारते, असं पुडीवर लिहितात. २००९ साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात ॲलर्जीचा वारसा असलेल्या बीगल पिलांना लहानपणापासून एक नावाजलेला जंतू देऊन पाहिला. रक्तातली ॲलर्जीची काही लक्षणं उतरली, पण प्रत्यक्ष अंगावरचा त्रास ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे धागा आहे, पण त्याने अजून वस्त्र विणलेलं नाही.

आता आमच्या बंड्याची हकिगत. लॅब्राडोर, तेव्हा वय नऊ. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच्या अंगावर पुरळ उठली, पू झाला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. पुरळ बसली आणि जुलाब सुरू झाले. शिवाय शेपटीचे आणि दोन्ही कुशींवरचे केस विरळ होत चालले होते, अंग जड झालं होतं, जिन्यापाशी येऊन तो नुसता बसून राहायचा. गल्लीतले सगळे म्हणाले, वय झालं त्याचं. सौ. रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे ना बघायची. मुलगा तिकडून दर दोन दिवसांनी वेगळ्या कंपनीची पुडी सुचवायचा. एका दुकानदाराने तीन महिन्यांचा कोर्स सांगितला, पोट आणि केस दोन्हींची हमी.

डॉक्टरांनी जुलाबांसाठी आठवडाभर प्रोबायोटिक दिलं, सोबत मऊ भात आणि उकडलेलं अंडं. तिसऱ्या दिवशी पोट जागेवर आलं. पुडीने आलं की आपोआप, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. केसांसाठी मात्र ते म्हणाले, "काका, आधी रक्त तपासू. दोन्ही बाजूंनी सारखे केस जाताहेत, खाज नाही, वजन वाढतंय." तपासणीत थायरॉइड कमी निघालं. या जातीत ते पुष्कळदा आढळतं. गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात बंड्या जिना चढू लागला, चार महिन्यांत अंगावर नवे केस आले. ज्याला सगळे म्हातारपण म्हणत होते त्याला औषध होतं. तीन महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत वाट पाहिली असती तर त्या गोळ्या तीन महिने उशिरा सुरू झाल्या असत्या. पुडीने इजा क्वचितच होते. पण पुडीवर भरवसा ठेवून तपासणी लांबली तर ते महागात पडतं. केस झडण्यामागे गोचीड-पिसवा असतात, बुरशी असते, जंत असतात, ॲलर्जी असते, खाण्यात प्रथिनं आणि स्निग्धांश कमी असतो, किंवा बंड्यासारखं काही असतं. यातलं कोणतं, ते आधी शोधायला लागतं.

डॉक्टरांनी प्रोबायोटिक लिहून दिलंच, तर पाकिटावर काय बघायचं? पासबुक बघतो तसं बघा. एक, जंतूचं पूर्ण नाव. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणजे खातेदाराचं फक्त आडनाव झालं. 'एन्टरोकॉकस फेसियम एसएफ ६८' म्हणजे आडनाव, नाव आणि खाते क्रमांक. ज्याची चाचणी झाली तो नेमका हाच, हे त्यावरून कळतं. दोन, शिल्लक. सीएफयू म्हणून आकडा असतो, वाढू शकणाऱ्या जिवंत जंतूंची ती गणती. तो आकडा मुदत संपेपर्यंतचा आहे की कारखान्यातून निघतानाचा, ते वाचा. तीन, मुदत आणि साठवण. मे महिन्यात आपल्या बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो. पाकिटावर 'थंड जागी ठेवा' असेल आणि ते दिवसभर कुरियरच्या टेम्पोत तापलं असेल, तर आतले किती जगले देव जाणे.

आणि ज्यांना आजीचाच मार्ग बरा वाटतो त्यांच्यासाठी. निरोगी कुत्र्याला चमचा-दोन चमचे साधं दही किंवा पातळ ताक चालतं, पचलं तर. मसाला छास नको, त्यात मीठ-मिरची असते. श्रीखंड नको, त्यात साखर आणि जायफळ. कांदा किंवा बेदाणे घातलेली कोशिंबीर तर मुळीच नको. दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत, बेदाणे तर थोडेही. शुगरफ्री पदार्थात झायलिटॉल असेल तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. आजी मीठ घालत नव्हती, ते उगाच नव्हे.

शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबत नसल्या, पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा मलूल पडला, तर ताकही नको आणि पुडीही नको. रिक्षा बोलवा आणि डॉक्टरांकडे जा. मुलांचा फोन रात्री येतोच, तेव्हा त्यांना सांगा काय झालं ते.

तुमच्या गल्लीतही कुत्रीसाठी शिरा शिजत असे का, आणि तो कोणत्या ओट्यावर, हे जरूर लिहा. आमच्या गल्लीत आता ती रीत उरलेली नाही. गेल्या उत्तरायणात शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुली मात्र वाटी घेऊन पीठ-गूळ मागायला आल्या होत्या. सौ.ने डबाच पुढे केला.